खाल्लेला पेच

दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे. बंदूकदुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर आहे आणि त्याच्या नूतनीकरणासाठी अलिबागच्या खेपा मीच घालतो. तरी महाडच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानाची पायरी कोणी शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन चढला, की तो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा, आतल्या अंगाला मान लांब करायचा आणि विचारायचा, "मिस्त्री हायत का?" मिस्त्री असले तर तो बाकावर ऐसपैस बसायचा. नसले तर "उद्या येतो" म्हणून गोणपाट पुन्हा काखेत मारायचा. मी समोर बसलेला असायचो. मेकॅनिकलचा डिप्लोमा माझ्या डोक्यावर, चौकटीत लावलेला असायचा. सव्वीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला.

मिस्त्रींबद्दल मी वाईट बोलणार नाही. बोलण्यासारखं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. मी शोधत होतोच.

ते पोलादपूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत राहायचे आणि रोज सकाळच्या पहिल्या एसटीने महाडला यायचे. अंगाने बारके, मान किंचित पुढे आलेली, शर्टाची बटणं उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेली. कॉलरच्या मागे दोन सुया खोचलेल्या असत. नवं गिऱ्हाईक त्यांना शिंपी समजायचं. एसटीतल्या पुढच्या सीटचा पेच ढिला दिसला की खिशातलं छोटं हत्यार काढून ते तो आवळत बसायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर पोलादपूरहून येत होतो तेव्हा कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि म्हणाला, मागच्या दाराची कडी पण जरा बघून घ्या. माझ्याकडे त्याने सुट्टे मागितले.

पेच म्हणजे स्क्रू. मिस्त्री आयुष्यात कधी स्क्रू म्हणाले नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्या बंदुका बहुतेक पिकाच्या राखणीच्या. डुकरं आणि माकडं भाताची, नाचणीची नासाडी करतात म्हणून परवाना मिळालेल्या. त्यातल्या कितीतरी आज्यापणज्यांच्या वेळच्या, इंग्रजी अमदानीतल्या. काही ठासणीच्या, काही दुनळी. निवडणूक आली की त्या सगळ्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात, आणि मग गंज चढला म्हणून आमच्या बाकावर रांग लागते. अशा जुन्या बंदुकीत आपसूक मोडणारं थोडंच असतं. जास्त नुकसान होतं ते उघडताना. तिचे पेच कोण्या कारागिराने हाताने केलेले असतात. डोक्यावरची खाच नखाएवढी बारीक, आणि एकाच बंदुकीच्या दोन पेचांच्या खाचासुद्धा सारख्या नसतात. बाजारातल्या पेचकसाचं तोंड पाचरीसारखं, वर जाड आणि टोकाला पातळ. ते खाचेत तळापर्यंत उतरतच नाही, काठावर टेकून राहतं. जोर लावला की निसटून वर चढतं आणि जाताना खाचेचा काठ ओरबाडून नेतं. असा पेच दिसला की मिस्त्री बंदूक मांडीवर घेऊन खालच्या आवाजात विचारायचे, "कोणी खाल्ला?" घरातल्या कोणाच्या ताटातला वाटा कोणीतरी खाल्ला असावा, असा तो आवाज असे. सहा फुटी शेतकरी मान खाली घालायचे.

त्यांची पद्धत अशी की पहिल्या दिवशी पेचकस हातात घ्यायचाच नाही. बंदूक मांडीवर आडवी घेऊन तासभर बसायचं. लोकांना वाटे डुलकी लागली. मग कॉलरमधली सुई काढून खाचेतला मळ कोरायचा. खाच तळापर्यंत चकचकीत झाल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. मग काडीच्या टोकाने तेलाचा एक थेंब, आणि चहाला जायचं. "आज तेल पिऊ दे. उद्या बोलंल." दुसऱ्या दिवशी त्या पेचाच्या मापाचा पेचकस दगडावर घासून तयार करायचा, दोन्ही अंगं सरळ, खाचेत अडकून उभा राहील असा. हात सोडला तरी पडायचा नाही, इतका नेमका. मग उठून उभं राहायचं, छातीचा भार टाकायचा, आणि आधी केसभर आवळायचा. सोडवायचा पेच आधी आवळायचा! मला ते पहिल्यांदा खुळेपणा वाटला. पण गंज तिथेच तुटायचा आणि पेच मुकाट्याने सुटायचा.

असे चाळीसेक पेचकस भिंतीला खिळ्यांवर टांगलेले होते. प्रत्येकाला नाव होतं. 'पाचाडवाला', 'दासगावची दुनळी', 'देसाईबुवांची लांबडी'. बंदूक दुसऱ्या जिल्ह्यात विकली गेली तरी तिचा पेचकस ते खिळ्यावरून काढत नसत. काम संपलं की बंदुकीच्या सगळ्या पेचांच्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या असायच्या. एकही तिरकी नाही. मी एकदा म्हटलं, याने नेम थोडाच सुधारतो? ते म्हणाले, नाय सुधारत. आणि पुढच्या पेचाला लागले.

मी मुंबईहून परदेशी बनावटीचा संच मागवला होता. साठ तोंडं, सगळी वेगवेगळ्या जाडीची, मखमली खोबणीत बसवलेली. खास बंदुकीच्या कामासाठीच. मी तो त्यांच्या पुढ्यात उघडला. त्यांनी एक एक तोंड काढून उजेडात धरलं, परत जागच्या जागी ठेवलं, झाकण लावलं आणि झाकणावरून हात फिरवला. म्हणाले, "डबा चांगला हाय."

हे सांगताना आता मला हसू येतं. तेव्हा आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो होतो.

घरीही तीच तऱ्हा. बायकोच्या शिलाई मशीनचा पेच अडकला, तेव्हा मी घरात, पेपर वाचत बसलेलो. तिने मशीनचं डोकं पिशवीत घालून दुकानात पाठवलं. मी म्हटलं, मी बघितलं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास?" तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात ते बरेच दिवस राहिलं.

आणि वडील. मिस्त्रींना दुकानात आणलं ते त्यांनीच. वडील माझ्याशी परवाने, बँक, भाडं यांबद्दल बोलत, आणि मिस्त्रींशी लोखंडाबद्दल. दुपारी जेवणानंतर दोघं समोरासमोर बसायचे. बंदुकीच्या घोड्याची एखादी कमान, म्हणजे स्प्रिंग, या हातातून त्या हातात फिरायची, आणि दहा मिनिटांत तीन शब्द बोलले जायचे. मी शेजारच्या टेबलाशी रजिस्टर लिहीत असायचो. वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलायला त्रास होई. मी शहाळ्याचं पाणी चमच्याने पाजत होतो. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "मिस्त्री आले का?" मिस्त्री आले, खाटेच्या कडेला बसले. वडिलांनी बंदुकीच्या एका तुंबलेल्या नळीचं विचारलं, ती उघडली का म्हणून. मिस्त्री म्हणाले, उघडली, आत जाळं होतं, काढलं. वडिलांनी डोळे मिटले आणि चेहरा असा सैल सोडला की तसा तो माझ्या कुठल्याही शब्दाने झाला नव्हता. शहाळ्याची वाटी माझ्या हातात तशीच होती.

हे सगळं सांगितलं म्हणजे पुढचं मी का केलं ते कळेल. कळलं तरी ते बरोबर ठरत नाही.

एकवीस साली जुलैत महाडात पाणी भरलं ते आमच्या दुकानाच्या छताला टेकलं. आम्ही घरच्या वरच्या मजल्यावर अडकलेलो, आणि गिऱ्हाइकांच्या बंदुका दुकानाच्या भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तेव्हा आत गुडघाभर चिखल होता आणि चिखलात अकरा बंदुका. मिस्त्री वाटेत पडलेल्या दरडी ओलांडत, निम्मी वाट चालत तिसऱ्या दिवशी आले. बाजारपेठ फावड्याने गाळ उपसत होती. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेक बंदूक लेकरासारखी अंघोळ घालू लागले. आधी साधं पाणी, मग उकळतं पाणी, मग उन्हात, मग तेल. पुढचे दोन महिने दुसरं काम नव्हतं.

त्या अकरांत अण्णांची दुनळी होती. अण्णा म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे मोठे शेतकरी, वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत. बंदूक त्यांच्या आजोबांची. बाहेर घोडे असलेली, कळीच्या पत्र्यावर, म्हणजे घोड्याचं यंत्र झाकणाऱ्या पट्टीवर, बारीक वेलबुट्टी, आणि प्रत्येक पेचाच्या डोक्यावर पाकळ्यांचं फूल कोरलेलं. पुराच्या आधी ती फक्त साफसफाईसाठी आली होती, म्हणजे आमच्याच कपाटात बुडाली. मी फोन करून सांगितलं तेव्हा अण्णांनी आधी बाकी बाजारपेठेचं विचारलं. मग म्हणाले, "मिस्त्रींबिगर कोणी उघडायची नाय. येवढं बघा." मी हो म्हटलं.

गणपतीला मिस्त्री पाच दिवसांसाठी गावी गेले. रस्ता पुन्हा खचला आणि पाचाचे दहा दिवस झाले. अण्णांची दुनळी तेवढी उघडायची राहिली होती. त्यांचा मधे एकदा फोन आला. भाताच्या लोंब्यांत दाणा भरत होता, डुकरं शेतात उतरू लागली होती. पण ते असंही म्हणाले की मिस्त्री येऊ देत, तवर आमी पत्र्याचे डबे वाजवतो. घाई कोणालाच नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की गिऱ्हाईक अडलं होतं म्हणून मी बंदूक उघडायला घेतली.

मी ती घेतली, कारण मिस्त्री परत आले की ती उघडलेली, पुसलेली, मांडून ठेवलेली त्यांना दिसायला हवी होती. त्यांचं तोंड मला बघायचं होतं.

कळीचा पत्रा धरून ठेवणारा मोठा पेच अडला. खाचेत गाळ वाळून सिमेंट झाला होता. मी सुईने कोरला नाही, वरून ब्रश मारला. संचातलं जवळच्या मापाचं तोंड लावलं. सरकेना. तेल सोडलं आणि पाच मिनिटं थांबलो. पाच मिनिटं मला पुष्कळ वाटली. मग मुठीवर हातोडी मारली, मग तरफेसाठी पान्हा अडकवला. खट् झालं. मला वाटलं सुटला, आणि एक क्षण इतका आनंद झाला की मी दाराकडे बघितलं, कोणी आहे का म्हणून. मग खाली बघितलं. पेच जागचा हलला नव्हता. खाचेची एक कड सोलून वर आली होती, लाकडावर रंधा मारल्यावर साल वळते तशी, आणि ती फुलाच्या एका पाकळीवर चढली होती. दीडशे वर्षं, कोण जाणे किती हातांतून ती बंदूक गेली होती. ते फूल माझ्यापर्यंत शाबूत आलं होतं.

मी बंदुकीवर फडकं टाकलं आणि ती जागेवर ठेवून दिली.

मिस्त्री आले ते प्रसादाच्या करंज्या घेऊन. करंज्या माझ्या टेबलावर ठेवल्या, हात धुतले आणि अण्णांची दुनळी मांडीवर घेतली. फडकं काढलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं होतं. आता विचारतील, "कोणी खाल्ला?" मी उत्तर तयार ठेवलं होतं, की दुकान माझं आहे. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सुई काढली आणि राहिलेल्या अर्ध्या खाचेतला गाळ कोरायला लागले. दुपारपर्यंत तेवढंच. मग तेल. मग लोखंडाची एक कांब शेगडीत तापवून तिचं टोक पेचाच्या डोक्यावर धरून ठेवलं, पुन्हा तेल, आणि ते एसटीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाबूत राहिलेल्या कडेपुरता एक पेचकस घासला, छाती टेकली, केसभर आवळला आणि पेच सोडवला. पिकल्या फणसातून गरा निघावा तसा तो निघाला.

मग त्यांनी तो पेच एका कागदावर ठेवून माझ्या टेबलावर आणून ठेवला. शेजारी त्यांची सर्वांत छोटी हातोडी ठेवली. तिचं तोंड आरशासारखं घासलेलं होतं.

"लोखंड कुठं गेलं नाय, शेठ," ते म्हणाले. "नुसतं बाजूला सरलंय. त्याला हळूहळू परत बोलवायचं. कानस लावू नका. कानशीनं गेलं की ते परत येत नाय."

एवढं बोलून ते आपल्या जागेवर जाऊन दुसऱ्या कामाला लागले. माझे कान तापले होते. वाटलं, रागावले असते तर बरं. हा काय प्रकार? पंचेचाळिशीच्या मालकाला त्याच्याच दुकानात शाळेतल्यासारखी शिक्षा. मी पेच ड्रॉवरमध्ये टाकला आणि दिवसभर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढल्यावर काढला. पितळेच्या जाड पट्टीला भोक पाडून त्यात पेच उभा बसवला, म्हणजे आटे दबणार नाहीत, आणि पट्टी व्हाइसमध्ये धरली. मग हातोडीने त्या वळलेल्या सालीला बाहेरून आत टिचक्या मारायला लागलो. जोर जास्त झाला तर साल मोडून पडणार, कमी झाला तर काहीच होणार नाही. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, हललं. तिसऱ्या दिवशी खरंच हललं. लोखंड परत यायला लागलं. इतकं हळू, की माझ्याशिवाय कोणाला दिसलं नसतं. खाचेच्या जागी तो काठ पुन्हा बसत होता. चौथ्या दिवशी खाच आत चेपून मिटत आली होती. ती मी घासून पातळ केलेल्या करवतीच्या पात्याने तळापर्यंत मोकळी केली. मग बारीक पॉलिश कागद, मग गरम वाळूत ठेवून त्याच्यावर निळसर काळा रंग चढेपर्यंत बघत बसणं, मग तेलात बुडवणं. त्या चार दुपारी मला जेवणानंतरची पेंग आली नाही. मिस्त्री मागे बसलेत हेही कधी कधी विसरायला होत होतं.

पेच झाला. पाकळी मात्र पूर्ण आली नाही. टोकाशी जराशी तोकडी राहिली. बाकी याला कधी धक्का लागला होता असं कोणी म्हणालं असतं, तर नाही म्हणून पैज लावून मीही हरलो असतो.

मी तो मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उजेडात धरला, फिरवला. मी उभा होतो. त्यांनी तो बंदुकीत बसवला, आवळला, आणि खाच बरोबर नळीच्या रेषेत येऊन थांबली. "बसला," ते म्हणाले. पेच बसला, एवढंच.

अण्णा बंदूक न्यायला स्वतः आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पत्र्यावरून अंगठा फिरवला, वेलबुट्टीवरून, मग त्या पेचावरून. अंगठा तिथे थांबला. अण्णांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि मिस्त्रींकडे बघून म्हणाले, "पुरातून काढलीत, पण एक पेच दुखावला नाय. मिस्त्री, हा हात तुमचाच."

मिस्त्रींनी कान खाजवला आणि विचारलं, डुकरं वरून येतात का खालच्या पऱ्याच्या, ओढ्याच्या अंगाने? दोघं डुकरांबद्दल बोलायला लागले.

मी रजिस्टर उघडून पुढे धरलं होतं. आयुष्यात मी केलेलं सर्वांत चांगलं काम त्या बंदुकीत होतं आणि त्याला दुसऱ्याचं नाव लागलं होतं. तोंड उघडायची सोय नव्हती. नीट मी केला म्हणायचं, तर बिघडवला कोणी तेही सांगायला हवं. आणि मिस्त्रींबिगर उघडायची नाही, या शब्दाचं काय झालं, तेही. मी मिस्त्रींकडे बघत राहिलो. एक शब्द त्यांनी बोलावा. ते डुकरांबद्दल बोलत होते. शेवटी मी अण्णांना म्हटलं, इथे सही करा.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक दिवस सुई खाचेऐवजी त्यांच्या अंगठ्यात गेली, आणि त्यांनी हत्यारं खिळ्यांवर टांगून ठेवली. उद्यापासून येत नाय, म्हणाले. चाळीसच्या चाळीस पेचकस सोडून गेले. मी तेच वापरतो. माझं काम आता चांगलं होतं, हे मलाही कळतं. गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्रींची हत्यारं हायत, काम व्हनारच.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा वारले. मुलगा दुनळी नावावर करून घेण्याच्या कागदांसाठी आला, तेव्हा बंदूक परत माझ्या हातात आली. अण्णा गेल्याची बातमी मिस्त्रींना फोनवर सांगण्यासारखी नव्हती. मी गाडी काढून मिस्त्रींच्या वाडीवर गेलो.

ते ओटीवर बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावून. समोर त्यांची सून फवारणीचा पंप मांडीत धरून बसली होती. ही सून त्यांनी कशी पसंत केली ते महाडभर माहीत होतं. मुलगी बघायला गेले असताना त्यांनी मुलीकडे बघितलंच नाही, तिच्या अंगणातल्या पंपाचे पेच बघितले. ते पेच धड होते आणि पंप तीच उघडत होती, म्हणून तिथल्या तिथे होकार दिला. आता वाडीतले सगळे पंप तिच्याकडे येतात. तिच्या हातात पेचकस होता आणि मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं होतं. डोळे मिटलेले.

"दाब गो. आधी दाब. अजून. आता आवळ जरासा. हां. आता सोडव."

पेच सुटला. ती हसली आणि मला बघून पदर सावरत उठली, चहा ठेवते म्हणाली. मिस्त्रींनी तिला बसवलं. शेठ कुठं पळत नाहीत, म्हणाले, पंप पुरा कर.

सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला नव्हता. माझं वय पन्नास, दोन मुलं शिकतात, केस पिकले. आणि मी त्या ओटीवर उभा राहून एका बाईच्या मनगटाकडे बघत होतो.

मी अण्णांचं सांगितलं. मिस्त्रींनी सुनेचं मनगट सोडलं आणि हात जोडले. मग म्हणाले, चांगला माणूस, हत्यार जपून वापरलं. मी म्हटलं, दुनळी परत आली आहे दुकानात. पुरातली. तिचा तो कळीचा पेच आठवतो का?

"आठवतो की. पाकळी जरा तोकडी राहिली व्हती."

"कोणी केला होता?"

त्यांनी आठवून बघितलं. खरंच बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या. "ते नाय ध्यानात. मीच केला आसंल."

पाच वर्षं मी ते उरात धरून होतो. त्यांना आठवतही नव्हतं.

"मी केला," मी म्हणालो. "बिघडवला पण मीच. तुम्ही गणपतीला गेला होतात तेव्हा."

सुनेचे हात थांबले. मिस्त्रींनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग मान हलवली, एकदा, सावकाश. "मग बरा केलात," म्हणाले. "पाकळी सोडून."

मी त्या शब्दासाठी वीस मैल आलो होतो हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यावर गप्प बसावं, तर ते जमलं नाही. मी म्हटलं, "मला कधी असं हात धरून शिकवलं नाहीत तुम्ही."

"तुमी इचारलंत कधी?"

मी कधीच विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी त्यांच्या हाताकडे चोरून बघितलं होतं. रजिस्टर आडवं धरून. विचारलं असतं तर त्यांना येतं आणि मला येत नाही, हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

मी चपला काढल्या, ओटीवर चढलो आणि सुनेच्या शेजारी बसलो. पंपाला अजून एक पेच राहिला होता. मी तिच्याकडे पेचकस मागितला. तिने सासऱ्यांकडे बघितलं आणि दिला. मी टोक खाचेत ठेवलं आणि म्हटलं, "आता विचारतो."

मिस्त्रींनी हात पुढे करून चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरलं. बोटं कोरडी होती, आणि वाटलं नव्हतं इतकी घट्ट.

"दाबा," ते म्हणाले. "आधी दाबा. अजून."

मी दाबलं. दाबता दाबता डोळ्यांच्या कडेने, सून बघतेय का, ते पाहून घेतलं. बघत होती.